सेवाग्रामची कुटी आणि कोराडीची धुरांडी

३० मे २०२४. नवतपा ऐन भरात होता. त्या दिवशी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली आणि बघता बघता ती बातमी देशभर पसरली. पुढे हवामान खात्याने खुलासा केला की यंत्रातील संवेदक बिघडला होता. पारा प्रत्यक्षात चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपासच होता. खुलासा बरोबर होता यात शंका नाही. पण या प्रकरणातली खरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आकडा चुकीचा होता, तरी बहुतेक नागपूरकरांनी त्यावर क्षणभरही शंका घेतली नाही. ‘असेल बुवा, आज वाटतच होतं तसं,’ असे म्हणून लोकांनी कूलरच्या टबात आणखी एक बादली ओतली आणि ज्यांच्या घरी एसी होता त्यांनी तो दोन अंशांनी खाली आणला.

हा विश्वास कुठून येतो? २३ मे २०१३ रोजी याच शहराने ४७.९ अंश सोसले आहेत. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा घेऊन दुपारी बाहेर पडणाऱ्या या गावाला उन्हाचे नवल नाही. नवल आहे ते रात्रीचे. पूर्वी गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे टाकली की पहाटे अंगावर चादर ओढावी लागे. आता सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहते आणि शेजारच्या चार एसींची गरम हवा तिच्यावर येऊन पडते.

अशा शहरात उभे राहून ‘कमी वापरा, लहान जगा’ असे कोणी म्हणू लागले, तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. पण ही हाक आता केवळ आश्रमवासीयांची किंवा चळवळ्यांची राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पर्यावरणपूरक जीवनशैलीचा मंत्र मांडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांच्या उपस्थितीत गुजरातमध्ये त्याचे राष्ट्रीय अभियान झाले आणि नागरिकांसाठी ७५ कृतींची यादीही निघाली. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तर नव्या एसींचे तापमान २० अंशांच्या खाली नेताच येणार नाही असा नियम आणण्याचा इरादा जाहीर केला. म्हणजे कमी वापरण्याचा प्रश्न आता थेट आपल्या झोपण्याच्या खोलीपर्यंत येऊन ठेपला आहे. त्याला हसून टाळणे सोपे आहे आणि मान डोलावून विसरणे त्याहून सोपे. वास्तविक गरज आहे ती एक साधा प्रश्न विचारण्याची: कमी म्हणजे काय, कोणी, आणि कशासाठी?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी नागपूरइतकी सोयीची जागा देशात दुसरी नसेल. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची धुरांडी आहेत. दक्षिणेला दीड-दोन तासांवर सेवाग्रामची कुटी आहे. आणि मध्ये, शहराच्या पोटात, दीक्षाभूमी आहे. या तिन्ही ठिकाणांना विचारल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

बटणाच्या पलीकडे

प्रथम धुरांड्यांकडे जाऊ. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. जुना २१० मेगावॅटचा संच वेगळा. खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि कामठी, सावनेर, उमरेडच्या खाणी हाकेच्या अंतरावर. एका अर्थाने हे शहर कोळशाच्या उशीवर डोके ठेवून झोपते.

आता थोडा हिशेब मांडू. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला ढोबळमानाने ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे. तिसऱ्या हिश्श्याहून अधिकच. म्हणजे एका युनिटमागे सुमारे पाव किलो राख. दीड टनाचा एक एसी रात्रीचे आठ तास चालला तर दहाएक युनिट वीज घेतो. सात किलो कोळसा, अडीच किलो राख. उन्हाळ्याच्या साठ रात्री धरल्या तर एका खोलीच्या झोपेसाठी चारशे किलो कोळसा जळतो आणि दीडशे किलो राख मागे उरते. ती राख आपल्या अंगणात आणून टाकण्याची पद्धत असती, तर बहुधा या लेखाची गरज पडली नसती.

पण ती आपल्या अंगणात येत नाही. ती दुसऱ्याच्या शेतात जाते. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला. राखेचा चिखल आसपासच्या गावांत आणि शेतांत शिरला व पुढे कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत पोहोचला. कन्हानचे पाणी नागपूर पिते, म्हणून त्या आठवड्यात शहराला या घटनेची थोडीफार जाणीव झाली. त्याआधी त्याच वर्षी पारशिवनी तालुक्यातील नांदगावात राख टाकण्यावरून गावकऱ्यांनी आवाज उठवला, तेव्हा राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांना तेथे यावे लागले आणि राख टाकणे थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. या गावांतल्या धुणे वाळत घालणाऱ्या बाईला ‘कार्बन उत्सर्जन’ हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. पांढरे धुणे राखाडी होते, एवढे तिला ठाऊक असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. कोराडीची वीज काही केवळ नागपूर वापरत नाही. ती राज्याच्या ग्रीडमध्ये जाते आणि मुंबई-पुण्याच्या मॉलपासून कोल्हापूरच्या कारखान्यापर्यंत कुठेही खर्ची पडते. विदर्भाच्या वाट्याला राख आणि इतरांच्या वाट्याला वीज, ही आपली जुनी तक्रार रास्तच आहे. मे २०२३ च्या अखेरीस कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॅटच्या संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हा हीच तक्रार तेथे ऐकू आली. परंतु तक्रार करताना आपण एक दुवा विसरतो. नवे संच हवेत असा आग्रह होतो तो वर्षभराच्या सरासरी मागणीवरून होत नाही. उन्हाळ्यातल्या सर्वाधिक मागणीच्या तासांचा बागुलबुवा पुढे केला जातो. दुपारी सौरऊर्जा मदतीला असते. सूर्य मावळल्यावर मात्र घराघरांतील एसी एकदम सुरू होतात आणि सगळा भार कोळशावर येतो. म्हणजे नव्या धुरांड्याचा पाया सभागृहात घातला जातो हे खरे असले, तरी त्यासाठी लागणारी सबब आपण रात्री साडेदहा वाजता, रिमोटचे बटण दाबून पुरवत असतो.

तेव्हा कमी वापरण्याचा पहिला अर्थ हा आहे. एक युनिट वाचणे म्हणजे पाव किलो राख खसाळ्यात न पडणे. यात पुण्यसंचय नाही आणि त्यागही नाही. आपल्या सोयीचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर थोडे कमी ठेवणे, इतकेच त्यात आहे.

कोणाला सांगता?

पण हा हिशेब मांडताच दुसरा प्रश्न उभा राहतो. हे सांगायचे कोणाला?

सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकन माणसामागे १४ टनांच्या आसपास. ‘ऑक्सफॅम’ या संस्थेने २०१५ मध्ये दाखवून दिले होते की जगातल्या वरच्या दहा टक्के लोकांच्या राहणीमुळे एकूण उत्सर्जनाचा जवळजवळ अर्धा भाग होतो. तेव्हा श्रीमंत देशांनी आधी आवरावे, मग आम्हाला शिकवावे, हे आपले म्हणणे चुकीचे नाही.

फक्त ते अर्धे आहे. हीच दरी आपल्या शहरातही आहे. धरमपेठेतल्या किंवा वर्धा रोडवरच्या एखाद्या बंगल्यात चार एसी, दोन मोटारी आणि वर्षातून दोन विमानप्रवास असतात. तेथून चार किलोमीटरवर टिनाच्या छपराखाली सहा माणसे एका पंख्यात झोपतात. दोघांची मिळून सरासरी काढली की आकडा सोज्वळ दिसतो आणि बंगल्याला त्या सरासरीच्या आडोशाला उभे राहता येते. आपण अमेरिकेला जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न टिनाच्या छपराखालचा माणूस आपल्याला विचारू शकतो. तो विचारत नाही, हा त्याचा सभ्यपणा.

त्या घरात काटकसर कोणी शिकवायची? तेथे तेलाचा डबा रिकामा झाला की त्याची बादली होते, जुनी लुगडी वाकळीत जातात, आणि आंघोळीचे पाणी दारच्या तुळशीला किंवा पपईला मिळते. हे कोणत्याही यादीत वाचून केलेले नसते. अशा घराला ‘कमी वापरा’ म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. त्या घराला उलट अधिक हवे आहे: एक चांगला कूलर, न तापणारे छप्पर, चोवीस तास पाणी, मुलीला अभ्यासासाठी दिवा. वरच्यांनी कमी करायचे ते एवढ्यासाठी की खालच्यांना वाढवायला जागा राहावी. कमी वापरण्याच्या प्रत्येक उपदेशात हे वाक्य पहिले असले पाहिजे. बहुतेक वेळा ते शेवटचेही नसते.

कुटीचे अंदाजपत्रक

आता दक्षिणेकडे वळू. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात आले. या खेड्याला सेवाग्राम हे नाव पुढे १९४० मध्ये मिळाले. आपल्यासाठी बांधायच्या झोपडीवर शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि सामान व मजूर आसपासचेच असावेत, अशी त्यांची सूचना होती असे आश्रमात सांगतात. माती, बांबू, कौले, शिंदीच्या चटया. आज ‘बापू कुटी’ म्हणून आपण जी पाहतो ती मुळात मीराबेनसाठी उभारलेली. गांधीजी नंतर तेथे राहायला गेले आणि ऑगस्ट १९४६ पर्यंत तेच त्यांचे ठिकाण होते. भर मे महिन्यात या कुटीत जाऊन बसावे. जाड मातीच्या भिंती, खाली उतरत आलेले छप्पर आणि भोवतीचा ओसरीचा पट्टा, यांनी बाहेरचे ऊन उंबऱ्यावरच थोपवलेले असते.

शाळेच्या सहलीत ही कुटी आपण ‘साधेपणाचे प्रतीक’ म्हणून पाहिली आणि घरी येऊन विसरलो. प्रतीकाचा हाच दोष असतो. कुटी प्रतीक म्हणून न पाहता नकाशा म्हणून पाहिली तर काही वेगळे दिसते. तेथे दूरध्वनी होता. व्हॉइसरॉयला गांधींशी बोलण्याची निकड वाटत होती म्हणून तो सरकारनेच बसवला होता. साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पेटी होती, कारण साप निघत आणि ते मारायचे नव्हते, दूर रानात सोडायचे होते. म्हणजे वस्तू नाकारणे हा तेथला नियम नव्हता. प्रत्येक वस्तूला ‘तू येथे कशासाठी?’ असा प्रश्न विचारणे हा नियम होता. दूरध्वनी त्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, सोफा झाला नसता.

या विचाराला अर्थशास्त्राची बैठक दिली ती वर्ध्याच्याच मगनवाडीत. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आली. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये शिकलेला हा हिशेबनीस माणूस. तुरुंगात असताना त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दोन प्रकारच्या संपत्तीतला भेद दाखवला. नदीचे वाहते पाणी आणि वाढते जंगल ही पुन्हा पुन्हा भरून येणारी संपत्ती. कोळसा आणि खनिज तेल हा एकदाच मिळालेला साठा, उपसला की संपणारा. साठ्यावर उभारलेली अर्थव्यवस्था माणसामाणसांत आणि देशादेशांत झोंबाझोंबी लावते, हे त्यांनी हवामानबदल हा शब्द जन्माला येण्याआधी सांगितले. तेव्हा कोराडीचे केंद्र नव्हते. त्यांचे वाचक थोडे होते, आणि स्वातंत्र्यानंतर ते आणखी थोडे झाले.

मात्र त्या थोड्यांत एक वाचक मोलाचा निघाला. ई. एफ. शुमाकर हे ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे आर्थिक सल्लागार. १९७३ साली त्यांचे ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्या पुस्तकात कुमारप्पांचा दाखला आहे. कोळशाच्याच खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कोळशापलीकडचा रस्ता दाखवणारा माणूस वर्ध्यात भेटला! पुढे जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच सेवाग्रामला आले, कुटीत बसले, आणि सोयींचे ढीग जसजसे वाढतात तसतसा माणूस त्या सोयी पुरवणाऱ्या यंत्रणेचा अधिकाधिक बांधील होतो, असा या मातीच्या घराचा निरोप त्यांनी जगाला सांगितला. ‘लहान जगा’ हे आज आपल्याकडे परदेशी फॅशन म्हणून येते, चकचकीत पुस्तकांतून आणि महागड्या साध्या कपड्यांतून. मूळ माल येथला आहे, हे आपण विसरलो आहोत.

दीक्षाभूमीचा आक्षेप

परंतु केवळ सेवाग्रामला जाऊन परतलो तर विचार एकांगी होईल. सरोजिनी नायडूंचा एक विनोद प्रसिद्ध आहे: गांधींना गरिबीत ठेवणे फार खर्चाचे काम आहे! विनोद बाजूला ठेवला तरी त्यातला टोला खरा आहे. एका माणसाच्या साधेपणामागे अनेकांचे श्रम असू शकतात. घरी पंखा नको म्हणणाऱ्या पुरुषाच्या घरात चुलीचा धूर बहुधा बाईच्याच डोळ्यांत जातो आणि ‘नळाची काय गरज’ म्हणणाऱ्याच्या घरी पाण्याचा हंडा तो स्वतः आणत नाही.

याहून मोठा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर प्रहार केला. ज्यांना खेड्याने गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी साधेपणा ही निवड नव्हती. ती शिक्षा होती. चांगले कपडे, धातूची भांडी, पक्के घर यांवर जेथे शतकानुशतके बंदी होती, तेथे अंगावरचा इस्त्रीचा सदरा हा उपभोग नसतो, तो स्वातंत्र्याचा पुरावा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखो लोक पांढरी स्वच्छ वस्त्रे नेसून आले, त्याचा अर्थ ज्याला कळतो तो ‘कमीत समाधान माना’ असे वाक्य सहजासहजी उच्चारणार नाही. आणि हेही लक्षात ठेवावे की १९४२ ते १९४६ या काळात व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी विजेच्या आणि नदीखोऱ्यांच्या नियोजनात पुढाकार घेतला. वीज ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती, माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवणारे साधन होते.

मग सेवाग्राम आणि दीक्षाभूमी यांच्यात निवड करायची का? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. सक्तीचे कमी आणि निवडीचे कमी हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्या भाषेत दुर्दैवाने त्यांना एकच शब्द आहे. पहिले नष्ट करायचे आहे. दुसरे वाढवायचे आहे. आणि विदर्भाच्याच मातीतल्या एका माणसाने हे दोन्ही एकाच आयुष्यात करून दाखवले आहे.

गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे. याहून लहान राहणी असू शकत नाही. पण लोकांना त्यांनी चिंध्या नेसायला सांगितले नाही. कर्ज काढून लग्न करू नका, देवापुढे बकरे कापू नका, तो पैसा पोराच्या शाळेत घाला, असे ते सांगत फिरले. स्वतः कधी ज्यात मुक्काम ठोकला नाही अशा भव्य धर्मशाळा त्यांनी इतरांसाठी बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. खाजगीत कमी आणि सार्वजनिक भरपूर: गाडगेबाबांच्या आयुष्याचा हिशेब असा या चार शब्दांत बसतो. आज पर्यावरणाच्या प्रश्नावर जगभर जी उत्तरे शोधली जात आहेत, त्यांतले सर्वांत टिकाऊ उत्तर मला तरी हेच दिसते.

चार शब्दांचा नागपुरी अर्थ

या चार शब्दांचा आपल्या शहरात काय अर्थ होतो?

पाण्यापासून सुरुवात करू. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि नागपुरात दिवसाआड पाण्याची वेळ आली. तेव्हा दाढी करताना नळ बंद ठेवण्याचे धडे सर्वांना मिळाले, ते योग्यच होते. पण त्याच काळात एक काम शांतपणे चालू होते. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले शहराचे रोजचे १३ कोटी लिटर सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाऊ लागले होते. औष्णिक केंद्राला एका युनिटमागे तीनेक लिटर पाणी लागते. पेंचचे तेवढे पाणी मोकळे झाले. लाखो अर्धवट बंद नळांनी जे साधले नसते ते एका पाइपने साधले. कमी वापरण्याची सर्वांत मोठी कामे अशी असतात. ती माणसाच्या इच्छाशक्तीवर सोडून चालत नाही, व्यवस्थेतच घडवावी लागतात.

घरांचे तसेच आहे. महालातल्या जुन्या वाड्यांत जाड भिंती, चौक आणि माळा होता; माळा ऊन खाई आणि खालची खोली थंड राही. आजच्या इमारतींना पश्चिमेकडे काच लावायची आणि मग ती काच थंड करण्यासाठी एसी लावायचा, हे कोणत्या शहाणपणात बसते? गच्चीवर पांढरा चुना, पश्चिमेला झाड, खिडकीवर खोल छज्जा, एवढे बांधकामाच्या परवानगीतच घालता येणार नाही काय? टिनाच्या छपरांवर पांढरा रंग देण्याचे काम महापालिकेने दरवर्षी फेब्रुवारीत हाती घेतले, तर त्याचा खर्च उष्माघाताच्या वॉर्डापेक्षा खचितच कमी येईल.

आणि कूलर. नागपूरच्या घराला वाळ्याच्या वासाची ओळख आहे. कोरड्या मे महिन्यात ताट्यांचा कूलर उत्तम काम करतो. वीज घेतो एसीच्या सहाव्या हिश्शाइतकी. तो पाणी अधिक पितो, हे मान्य केले पाहिजे, आणि पहिल्या पावसानंतर दमट हवेत तो निकामी होतो, हेही. म्हणून कोणी एसी फोडून टाकावा असे म्हणणे नाही. घरात आजारी माणूस, तान्हे मूल, म्हातारी आई असेल तर तो दूरध्वनीप्रमाणे कुटीच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. एसी असलाच तर तो २४ अंशांवर सुरू व्हावा, असा दंडक २०२० पासून कंपन्यांना घातलेला आहेच. तो आपण रिमोटने मोडतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा ३० वॅटच्या आसपास. मे महिना कूलरवर आणि एसी फक्त चिकट हवेच्या चार आठवड्यांपुरता, ताप आणि कुंभाराचा माठ यांच्याशी पुन्हा जुळवून घेत, एवढे जरी मध्यमवर्गाने केले तरी रात्रीच्या मागणीचा तो बागुलबुवा बराच लहान होईल.

प्रवासाचे पाहा. मार्च २०१९ मध्ये नागपूरची मेट्रो धावू लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. स्थानके देखणी आहेत. पण स्थानकापासून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरसाठी वेळेवर येणारी बस नसेल आणि पदपथावर चालायला जागा नसेल, तर माणूस स्कूटरच काढणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘सार्वजनिक भरपूर’ नसेल तर ‘खाजगीत कमी’ हा उपदेश पोकळ ठरतो. सावलीची झाडे, बस, बाग, वाचनालय, दुरुस्तीचे दुकान, या गोष्टी जेथे विपुल आहेत तेथे माणसाला घरात फार काही साठवावे लागत नाही.

उरतो तो भाग जो कोणतीही महापालिका करून देणार नाही. आपल्या खर्चाचा मोठा हिस्सा गरजेसाठी होत नाही, शेजाऱ्यासाठी होतो. वर्धा रोड किंवा उमरेड रोडवरच्या लॉनवर एका संध्याकाळच्या लग्नासाठी किती वीज, किती अन्न, किती प्लास्टिक जाते ते आपण सगळे पाहतो, त्यावर जेवताना टीका करतो, आणि आपल्या घरचे कार्य निघाले की तसेच लॉन शोधतो. येथे कायदा चालत नाही. येथे प्रतिष्ठेची व्याख्या बदलावी लागते, आणि ती वरूनच बदलते. ज्याला चार एसी परवडतात त्याने एकावर भागवले, ज्याला मोठे लॉन परवडते त्याने दोनशे माणसांत लग्न उरकले, की खालच्याला कर्ज न काढण्याची मुभा मिळते. गांधींच्या कुटीत मोठमोठी माणसे चटईवर येऊन बसत, तेव्हा चटईचा मान वाढे. गरिबाने चटईवर बसण्याने तो वाढत नव्हता.

काही जण म्हणतील, एका घराने चारशे किलो कोळसा वाचवून काय होणार? जागतिक हिशेबात खरोखर काही होणार नाही. पण ज्याने स्वतःच्या घरात थोडे आवरले आहे, त्यालाच जनसुनावणीत उभे राहून ‘हा नवा संच कशासाठी?’ असे ताठ मानेने विचारता येते. स्वतः आवरणे आणि व्यवस्थेला जाब विचारणे ही दोन कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पहिले केले नाही तर दुसऱ्याला धार येत नाही. दुसरे केले नाही तर पहिले केवळ खाजगी सोवळे ठरते.

त्या मे महिन्यातले ५६ अंश यंत्राची चूक होती. पण त्यावर बसलेला आपला विश्वास ही चूक नव्हती. आपण कोठे चाललो आहोत हे आपल्याला आतून कळले आहे, याची ती कबुली होती. आता पुढच्या उन्हाळ्यात मे महिन्याचे वीजबिल हाती येईल तेव्हा रकमेच्या आधी युनिटचा आकडा पाहावा. त्याचा दोनतृतीयांश केला की जळालेल्या कोळशाचे किलो निघतात, आणि एकचतुर्थांश केला की राखेचे. ती राख या क्षणी कोणाच्या शेतावर पडलेली आहे, हे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. कोराडीच्या देवीला आपण नवरात्रात जातोच. दर्शन झाल्यावर पाच मिनिटे गाडी पुढे न्यावी.